नळी जळते, खाच राहते

माकडहाडाच्या वर, दोन्ही नितंबांमधल्या खाचेत होणाऱ्या नासुराबद्दल सध्या एक मत इतकं पक्कं झालं आहे की त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. डॉक्टर या आजाराला पायलोनायडल सायनस म्हणतात. पेशंट ‘मागचं गळू’ म्हणतात, ‘नासूर’ म्हणतात. मत असं की यावर लेसर हाच इलाज. लेसरनं तो मुळापासून जातो, कापाकापी लागत नाही आणि एकदा गेला की परत येत नाही. मूळव्याध-भगंदराच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर हे लिहिलेलं असतं, आणि तरुण पेशंट तर तपासणीच्या टेबलावर चढण्याआधीच सांगतो, ‘‘सर, लेसरच करायचंय.’’ माझा विरोध या मताला आहे. लेसरचं यंत्र मी स्वतः वापरतो, आणि त्याचा उपयोग नेमका कुठे होतो हेही सांगणार आहे.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. ती इथे पाळायलाच हवी, कारण हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही.

कित्येक दशकं आपल्याकडे या आजाराची शस्त्रक्रिया म्हणजे एकच गोष्ट होती. मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल द्यायची, पालथं झोपवायचं, आणि नासुराचा सगळा भाग हाडावरच्या पांढऱ्या पडद्यापर्यंत कापून काढायचा. मागे जो खड्डा उरतो तो एक तर उघडा ठेवायचा, नाही तर मधोमध टाके घालून बंद करायचा. उघडा ठेवला तर तळापासून भरून यायला सहा-आठ आठवडे लागतात, कित्येकदा त्याहून जास्त. तोवर रोज त्यात भिजवलेलं गॉज भरावं लागतं, आणि हे काम घरात बहुधा आईकडे येतं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा पालथा पडलेला, लाजेनं उशीत तोंड खुपसलेलं, आणि आई मोबाइलच्या उजेडात कालचं गॉज सोडवते आहे. ते जखमेला चिकटलेलं असलं की मुलाचे दोन्ही पाय ताठ होतात. कॉलेजातला असेल तर सेमिस्टर बुडतं, ड्रायव्हर असेल तर गाडीचे हप्ते थकतात. अशा माणसाला कुणी सांगितलं की दोन छोट्या छिद्रांतून काम होईल, संध्याकाळी घरी जाल, तर तो नाही कशाला म्हणेल?

तंत्रही नीट समजून घेण्यासारखं आहे. खाचेतली सूक्ष्म छिद्रं थोडी रुंद करून नळीतले केस आणि पू खरवडून काढतात. मग एक बारीक फायबर नळीच्या टोकापर्यंत सरकवतात. या फायबरच्या टोकातून प्रकाश चहूबाजूंना फेकला जातो. बहुतेक यंत्रांत तो १४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, कारण ही लांबी पाणी फार चांगली शोषतं आणि आपल्या पेशी म्हणजे मुख्यतः पाणीच. त्यामुळे उष्णता भिंतीत दोन-तीन मिलिमीटरांपेक्षा खोल जात नाही. साधारण १० वॅटवर फायबर सेकंदाला एक मिलिमीटर या गतीनं मागे ओढत आणलं की मागची नळी आक्रसत मिटते. वर टाका नाही, आत खड्डा नाही.

आकडेही पूर्वपक्षाच्या बाजूनं बोलतात. ग्रीसमधल्या पप्पास आणि ख्रिस्टोडुलू यांनी २०१८ मध्ये २३७ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पहिल्याच खेपेला सुमारे ९० टक्के रुग्ण बरे झाले. २०२२ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात जखम भरण्याचं प्रमाण ९४ टक्क्यांच्या आसपास होतं. हे आकडे मी खोटे मानत नाही. मला प्रश्न विचारायचे आहेत ते असे: हे यश लेसरचं की आणखी कशाचं, ते किती काळ टिकतं, आणि ‘मुळापासून’ म्हणताना मूळ कशाला म्हणायचं.

मूळ या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण या आजाराचा सगळा इतिहास त्यावरच्या वादाचा आहे.

खाचेतल्या केस भरलेल्या नासुराचं वर्णन इंग्लंडच्या हर्बर्ट मेयोनं १८३३ मध्ये केलं. आज वापरात असलेलं नाव दिलं ते बॉस्टनच्या हॉजेसनं, १८८० मध्ये. त्यानंतर बराच काळ शल्यविशारदांची खात्री होती की हा दोष जन्मजात आहे: गर्भात पाठीचा कणा घडताना कातडीचा एखादा तुकडा किंवा नळीचा अवशेष आत राहून जातो आणि तारुण्यात तो पिकतो. ही उपपत्ती मान्य केली की उपचार आपोआप ठरतो. आत काहीतरी जन्मापासून अडकलेलं आहे, ते समूळ उपटा. जितकं रुंद आणि खोल कापाल तितकं बरं.

दुसऱ्या महायुद्धानं या समजुतीची परीक्षा घेतली. अमेरिकी सैन्यात सुमारे ८० हजार सैनिक या एका दुखण्यानं इस्पितळात दाखल झाले. तासन्‌तास खडबडीत रस्त्यांवरून जीपमध्ये बसून जाणाऱ्यांत त्याचं प्रमाण एवढं दिसलं की लुई ब्यूई यांनी १९४४ मध्ये त्यावर लिहिताना त्याला ‘जीपचा आजार’ म्हटलं. लढाईत जखमी न झालेले धडधाकट जवान महिनोन्‌महिने पालथे पडून राहिले आणि बरे होऊन गेलेल्यांतले पुष्कळ परत आले. आजार जन्मजात असेल आणि तो समूळ कापला असेल, तर हे परत कसे आले?

उत्तर लंडनहून आलं. डेव्हिड पेटी आणि स्कार्फ यांनी १९४६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की आजार जन्मजात नाही, केस बाहेरून आत शिरल्यामुळे तो होतो. दोन वर्षांनी त्यांनी असाच नासूर एका न्हाव्याच्या हातावर दाखवला. त्यानंतर हे अनेक ठिकाणी दिसलं आहे: केशकर्तनाचं काम करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकांचे कापलेले केस रुततात आणि तिथे केसांनी भरलेला तंतोतंत असाच नासूर तयार होतो. बोटांच्या बेचक्यात पाठीच्या कण्याचा अवशेष राहिलेला असणार नाही. जन्मजात उपपत्तीचा पाया इथे ढासळला. अलीकडे जर्मनीत डॉल यांच्या गटानं नासुरातून काढलेले केस एकेक करून तपासले आणि त्यांचं म्हणणं २०१८ मध्ये आलं: त्यातले बहुतेक तुकडे आखूड, मुळाशिवायचे, एका टोकाला तिरपे कापलेले. म्हणजे पुष्कळ केस तिथल्या कातडीतून उगवलेले नव्हतेच. ते डोक्यावरून, कात्रीखालून पाठीवर पडून खाचेत उतरलेले होते.

हे केस टेबलावर पाहिले की पुस्तकातलं वाक्य डोळ्यांसमोर उभं राहतं. पेशंट पालथा, दोन्ही नितंब चिकटपट्टीनं बाजूला ओढून धरलेले. एरवी जिथे नजर पोहोचत नाही ती खाच आता सपाट झालेली असते आणि बरोबर मध्यरेषेवर दोन-तीन काळपट ठिपके दिसतात, सुईच्या नेढ्याएवढे. पू मात्र इथून येत नसतो. तो वरच्या बाजूला, बहुधा डावीकडे किंवा उजवीकडे बोटभर अंतरावरच्या लालसर तोंडातून येत असतो, आणि पेशंटचं, घरच्यांचं, कधीकधी डॉक्टरचंही सगळं लक्ष त्या तोंडाकडे असतं. बारीक चिमटा त्या काळ्या ठिपक्यात घालून हलके ओढला की केसांचा झुबका बाहेर येतो, चिकट, एकात एक गुंतलेला. धुऊन भिंगाखाली धरला तर त्यात कात्रीनं कापलेली टोकं दिसतात. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात आणि ते सगळे एकाच दिशेला झुकलेले असतात. त्यामुळे माळावरून चालताना धोतरात शिरलेलं कुसळ जसं प्रत्येक पावलागणिक पुढेच सरकतं, मागे येत नाही, तसा केस प्रत्येक हालचालीबरोबर आतच जातो.

ग्रीसच्या सैन्यदलातले शल्यविशारद कारिडाकिस यांनी हे तीन घटकांत बसवलं: सुटा केस, त्याला आत ढकलणारा जोर आणि जिथे तो शिरतो ती नाजूक कातडी. खाच जितकी खोल, तितका तिथे घाम, घर्षण आणि बसल्या-उठल्याचा ओढा जास्त. अमेरिकेत ऑरेगनच्या जॉन बॅस्कम यांचं मत थोडं वेगळं होतं. त्यांच्या मते आधी त्या जागेचं केशपुटक, म्हणजे केस ज्यातून उगवतो ती पिशवी, ताणून फुटतं आणि केस मागाहून येतात. या दोघांच्या वादात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं एकमत. आजार सुरू होतो तो मध्यरेषेवरच्या त्या काळ्या ठिपक्यांपाशी, खाचेच्या तळाशी. आतली नळी आणि बाजूचं पुवाचं तोंड ही त्याची फळं आहेत.

सुश्रुताला हा आजार ठाऊक होता असं मी म्हणणार नाही. पण शरीरात रुतणाऱ्या शल्यांचा विचार करताना त्यानं शरीरातूनच उपजणाऱ्या शल्यांत केस आणि नखं धरली आहेत, आणि आत राहिलेल्या शल्यामुळे वाहत राहणारा नाडीव्रण हा वेगळा प्रकार मानला आहे. शल्य आत असेपर्यंत नाडी मिटणार नाही, हा त्या वर्गीकरणातला विचार. तो या आजाराला जितका चपखल बसतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला बसत असेल.

आता पूर्वपक्षाचं पहिलं विधान घेऊ: लेसरनं नळी जळते, म्हणून आजार मुळापासून जातो. याची परीक्षा अन्वय-व्यतिरेकानं करता येते. नळी हेच मूळ असेल, तर नळी पूर्णपणे काढल्यावर आजार जायला हवा, आणि तो जातो तिथे जाण्याचं कारणही नळी काढणं हेच असायला हवं. पहिली गोष्ट होत नाही. रुंद कापून, हाडावरच्या पडद्यापर्यंत सगळं काढून मधोमध टाके घातलेल्या रुग्णांत नळीचा लेशही उरलेला नसतो. तरी जगभरातल्या जवळपास ९० हजार रुग्णांची माहिती एकत्र करून स्टाउफर, डॉल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जे मांडलं, त्यात मधोमध टाके घालण्याच्या पद्धतीत २० वर्षांपर्यंत आजार परतण्याचं प्रमाण ६७.९ टक्क्यांपर्यंत गेलं. दुसरी गोष्टही होत नाही. कारिडाकिस यांनी नळी काढलीच, पण त्यांचं वैशिष्ट्य त्यापुढचं होतं: टाक्यांची रेघ मध्यरेषेवरून एका बाजूला सरकवायची आणि खाच उथळ करायची. साडेसहा हजारांवर रुग्णांत आजार परतण्याचं प्रमाण त्यांनी १९९२ मध्ये १ टक्क्याच्या आसपास नोंदवलं. वरच्या एकत्रित अभ्यासातही कारिडाकिस आणि बॅस्कम यांच्या पद्धतींत ते वर्षभरात ०.२ आणि दोन वर्षांत ०.६ टक्के आहे. दोन्हीकडे नळी गेली. फरक पडला तो खाचेमुळे.

मग ज्या तंत्रात भिंतीचे दोन-तीन मिलिमीटर जाळले जातात आणि खाच जशीच्या तशी राहते, त्यानं आजार ‘मुळापासून’ जातो असं म्हणायला आधार कोणता? रुंद शस्त्रक्रियेत निदान नळी निघाल्याची खात्री तरी असते. लेसरचं फायबर आंधळं असतं. एखादी फांदी बाजूला गेली असेल, एखादा झुबका कोपऱ्यात चिकटून राहिला असेल, तर तो फायबरला दिसत नाही. इटलीचे मैनेरो नळीत दुर्बीण घालून केस डोळ्यांनी बघत काढतात, ते याच भीतीमुळे. पोकळी रुंद असेल तर तिच्या भिंती आक्रसल्या तरी एकमेकींना भेटत नाहीत, आणि आत जी जागा उरते तिथे पुन्हा पू साचतो.

‘मुळापासून’ हा शब्द म्हणूनच मला सगळ्यात जास्त खटकतो. तो जन्मजात उपपत्तीच्या काळातला आहे. युद्धकाळातले शल्यविशारद सुरीनं जे करू पाहत होते तेच इथे प्रकाशानं केलं जातं, आणि पाटीवर मात्र ते विज्ञानाचं नवं पाऊल म्हणून मांडलं जातं.

दुसरं विधान त्रास कमी होण्याचं. ते खरं आहे आणि माझा त्यावर आक्षेप नाही. पेशंट त्याच दिवशी घरी जातो, दुखणं थोडं असतं, ड्रेसिंग म्हणजे वरून ठेवलेली पट्टी. पण श्रेय कुणाचं, हे तपासू. इंग्लंडमध्ये पीटर लॉर्ड आणि मिलर यांनी १९६५ मध्येच दाखवलं होतं की नुसती मध्यरेषेवरची छिद्रं काढून, नळी बारीक ब्रशनं साफ करून, केस काढत राहिलं तरी हा आजार बरा होतो. बॅस्कम यांनी १९८० मध्ये छिद्रं तेवढी टिपून काढण्याची पद्धत मांडली. इस्राएलचे मोशे गिप्स यांनी २००८ मध्ये १३५८ रुग्णांचा अनुभव लिहिला. साधन काय? कातडीचा छोटा गोल तुकडा काढणारा ट्रेफाइन, त्वचारोगाचा डॉक्टर बायॉप्सीला जो पंच वापरतो त्याचाच भाऊ. भूल फक्त त्या जागेपुरती. छिद्रं काढली, नळी खरवडली, केस धुऊन काढले, घरी पाठवलं.

लेसरच्या शस्त्रक्रियेतून फायबरचा भाग वजा केला तर उरतं ते हेच. छिद्रं रुंद करणं, खरवडणं, केस काढणं. म्हणजे लेसर हे मोठ्या कापाकापीला पर्याय म्हणून आलेलं नवं तंत्र नाही. साठ वर्षं जुन्या छोट्या छेदाच्या परंपरेत घातलेली ती एक भर आहे. आणि त्या भरीची किंमत मोजायची तर तुलना ट्रेफाइनशी व्हायला हवी. पाटीवर तुलना केली जाते ती नेहमी मुठीएवढ्या खड्ड्याशी. खड्ड्याशी तुलना केली तर नुसता पंचही जिंकतो. ज्या बापानं मुलाच्या लेसरसाठी सोनं गहाण ठेवलं आहे, त्याला कुणी सांगितलेलं नसतं की याच कुळातली एक पद्धत फायबरशिवाय, सरकारी रुग्णालयातही करता येते.

‘‘डॉक्टर, पैशाचं आम्ही बघू, पण परत नको व्हायला,’’ हे वाक्य मी आयांच्या तोंडून फार वेळा ऐकलं आहे. तिसरं विधान इथे येतं, आणि ते सगळ्यात नाजूक आहे.

हा आजार घाईनं परतत नाही. गिप्स यांच्याच रुग्णांत तो पहिल्या वर्षात ६.५ टक्क्यांना परतला, पाच वर्षांत १३.२ टक्क्यांना आणि दहा वर्षांत १६.२ टक्क्यांना. म्हणजे वर्षाअखेरीस जो आकडा दिसतो तो पाच वर्षांत दुप्पट होतो. लेसरच्या बहुतेक अभ्यासांत रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं ते वर्षभर किंवा त्याच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक एकाच केंद्रातले, तुलनेसाठी दुसरा गट नसलेले. बेल्जियममधल्या डेसिली आणि सहकाऱ्यांनी आपल्या पहिल्या २०० रुग्णांचा प्रामाणिक हिशेब दिला, तेव्हा भरून येण्याचं प्रमाण ९४ टक्के होतं आणि त्यानंतर परतण्याचं १४.९. पाटीवर पहिला आकडा लिहिला जातो. दुसरा त्याच अभ्यासात, त्याच लेखकांनी लिहिलेला आहे.

शिवाय हा आजार वयाचा आहे. वयात आल्यानंतर सुरू होतो, विशीत जोर धरतो, पुरुषांत बायकांपेक्षा तीन-चार पट जास्त, आणि चाळिशीनंतर विरळ होतो. विशीतल्या मुलावर शस्त्रक्रिया केली तर त्याच्यापुढे धोक्याची अजून पंधरा-वीस वर्षं असतात. त्याला एका वर्षाच्या आकड्यावरून ‘कायमचा’ असा शब्द देणं हे वैद्यकीय विधान नाही.

इथे कुणी उलट विचारील: म्हणजे जुनी कापाकापीच बरी म्हणायची का? अजिबात नाही, आणि या बाजूच्या मतालाही मी तितकाच विरोध करतो. आपल्या तालुक्याच्या गावांत अजूनही रुंद कापून मधोमध टाके घातले जातात. जखम उकलते, खाचेच्या तळाशी न भरणारी भेग राहते, आणि पेशंटला सांगितलं जातं की तुझी शुगर तपास. जर्मनीतल्या शल्यविशारदांच्या मार्गदर्शक सूचनांत मधोमध टाके घालू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यातही टाके घालायचेच असतील तर ते मध्यरेषेच्या बाजूला घालावेत असाच निष्कर्ष होता. बाजूला टाके घालणाऱ्या कारिडाकिस, बॅस्कम, लिंबर्ग या पद्धती उत्तम आहेत, पण त्यांचीही किंमत आहे. मोठा वण राहतो, काही दिवस निचऱ्याची नळी ठेवावी लागते, बसण्यावर आठवडे बंधन येतं. दोन ठिपके आणि बोटाच्या पेराएवढी नळी असलेल्या मुलावर कातडी फिरवण्याची शस्त्रक्रिया करणं हा अतिरेक आहे.

लेसरची खरी जागा इथे सापडते, आणि ती मोलाची आहे. पहिल्यांदाच आलेला रुग्ण, दोन-चार छिद्रं, सरळ आणि अरुंद नळी, गळू ओसरलेलं. अशा ठिकाणी छोट्या छेदाच्या पद्धती पहिली निवड असाव्यात, आणि लेसर हा त्यांतला एक मान्य पर्याय. त्याचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो: अपयश आलं तरी पुढचं दार बंद होत नाही. तो पुन्हा करता येतो, आणि नाहीच साधलं तर कारिडाकिसला लागणारी कातडी जागेवर शाबूत असते. रुंद कापलेल्या माणसाबाबत हे म्हणता येत नाही. म्हणून पेशंटला आधी सांगूनच लेसर करायचा, की हा लहान उपाय आहे, दहातल्या एका-दोघांना पुन्हा यावं लागेल, आणि त्या वेळी आपण काय करायचं तेही ठरलेलं आहे. असं सांगितल्यावर परत आलेला पेशंट आपण फसवले गेलो या भावनेनं येत नाही.

नको तिथे मात्र स्पष्ट नको म्हणावं. टणक, ठणकणारं गळू असेल तर त्या दिवशी फक्त पू काढायचा, तोही मध्यरेषेच्या बाजूला छेद देऊन. खाच खोल असेल, आधी दोन-तीन शस्त्रक्रिया होऊन गेल्या असतील, फांद्या पसरल्या असतील, तर खाच बदलणारी शस्त्रक्रियाच हवी. आणि काहीच त्रास नसताना, दुसऱ्याच तपासणीत सापडलेले दोन ठिपके असतील तर ते तसेच राहू द्यावेत. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या नासुरात अत्यंत क्वचित कर्करोग होतो. अशा जुन्या जखमेचा तुकडा तपासणीला पाठवायलाच हवा. फायबरनं जाळलेल्या भिंतीतून पाठवण्यासारखं काही उरत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो. या आजारात लेसरचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, पण तो नळी जाळणाऱ्या लेसरचा नाही. तो केस काढणाऱ्या लेसरचा आहे.

अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसच्या मुलांच्या रुग्णालयात ११ ते २१ वयाच्या ३०२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला नेहमीचा सल्ला दिला: स्वच्छता, आणि वस्तऱ्यानं किंवा क्रीमनं केस काढणं. दुसऱ्याला तेच, आणि जोडीला खाचेतले केस लेसरनं काढणं, काही आठवड्यांच्या अंतरानं अनेक बैठकांत. मिनेची आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘जामा सर्जरी’त निकाल दिला. वर्षभरात आजार परतण्याचं प्रमाण पहिल्या गटात ३३.६ टक्के, लेसरच्या गटात १०.४. कारिडाकिसच्या तीन घटकांपैकी पहिला, म्हणजे केस, कमी केला की काय होतं ते इथे चिठ्ठ्या टाकून सिद्ध झालं. याची चाहूल त्याआधीच लागली होती. हवाईतल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयाचा अनुभव आर्मस्ट्राँग आणि बार्शिया यांनी १९९४ मध्ये लिहिला. तिथे मोठ्या शस्त्रक्रिया जवळजवळ थांबवून केस काढत राहण्यावर भर दिला, तेव्हा सैनिकांचे इस्पितळातले दिवस कित्येक पटींनी घटले.

वस्तऱ्याबद्दल सावध राहायला हवं. डॉल यांच्याच गटानं २००९ मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेनंतर वस्तऱ्यानं केस काढत राहिलेल्यांत आजार उलट जास्त परतला. वस्तऱ्यानं कापलेला केस आखूड आणि टोकदार होतो, आणि तसेच तुकडे नासुरात सापडतात. त्यामुळे ‘आठवड्याला घरच्या घरी दाढी करा’ हा सल्ला मी देत नाही. सलूनमधून आल्यावर लगेच, मान आणि पाठ चोळून आंघोळ करा, हा देतो. तो फुकट आहे आणि डोक्यावरून पडणाऱ्या तुकड्यांच्या शोधाशी जुळणारा आहे.

केस काढणाऱ्या लेसरची आपल्याकडे वेगळी काळजी घ्यावी लागते. तो केसातल्या रंगद्रव्यावर काम करतो आणि सावळ्या कातडीतही तेच रंगद्रव्य असतं. चुकीचं यंत्र वापरलं तर कातडी भाजते, डाग पडतात. म्हणून सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग यंत्र जास्त सुरक्षित, कारण त्याचा प्रकाश वरच्या थरात कमी अडकतो आणि खोल मुळापर्यंत पोहोचतो. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून एका बैठकीत काम होत नाही. आणि ही कातडी बरी झाल्यावर करायची गोष्ट आहे, उघड्या जखमेवर नव्हे. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही मोठ्या शहरात त्वचारोगतज्ज्ञांकडे ही यंत्रं आहेत. रोज ती वापरली जातात ती हनुवटीवरचे आणि हातापायांवरचे केस काढायला.

आज घडतं ते असं. नळी जाळण्याचा खर्च शस्त्रक्रिया म्हणून मेडिक्लेमच्या अर्जावर चढतो. त्यानंतरचं केस काढणं सौंदर्योपचार समजून बाजूला टाकलं जातं, आणि डिस्चार्ज कार्डावर त्याची एक ओळही नसते. पेशंट टाके नसलेली जखम घेऊन आनंदानं घरी जातो आणि पंधरा दिवसांनी केस कापून येऊन तसाच मोटरसायकलवर बसतो. माझी मागणी नेमकी आहे: या नासुराच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर, शस्त्रक्रिया कोणतीही झालेली असो, जखम भरल्यावर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याची तारीख लिहिलेली असावी, आणि विमा कंपनीनं त्या बैठका उपचाराचाच भाग धराव्यात.